रक्त आटते ते कुणाचे?

चळवळीतील एखादा साथी गेला की आपण चार ओळींची चौकट छापतो. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दुःखद निधन' हे शब्द त्या चौकटीत इतक्या वेळा येऊन गेले आहेत की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून सहज पुढे सरकते. शोकसभेत दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावयाचे, 'क्रूर काळाने घाला घातला' असे कुणीतरी म्हणावयाचे, आणि सभा संपवावयाची, असा आपला रिवाज झाला आहे. समाजवादी कार्यकर्त्याच्या तोंडी काळ आणि नियती ही भाषा शोभत नाही. गिरणीच्या पट्ट्यात सापडून कामगार मेला तर आपण नियतीला बोल लावीत नाही. पट्ट्याला जाळी का नव्हती, असा जाब मालकाला विचारतो. विहिरीची दरड कोसळून मजूर गाडले गेले तर ठेकेदाराचे नाव विचारतो. मग पन्नाशीही न गाठलेला माणूस छातीवर हात दाबून कोसळतो, तेव्हाच आपली जीभ का टाळ्याला चिकटावी?

ह्याचे कारण दोन समजुतींत आहे. पहिली आपल्याच गोटातली आणि जुनी: हृदयविकार हा शेठजींचा रोग, तूप-साखरेचा आणि गादी-लोडाचा रोग, श्रमिकांच्या प्रश्नांत त्याला स्थान नाही. दुसरी नवी आणि प्रतिष्ठित: हा 'जीवनशैलीचा' रोग, ज्याने त्याने आपल्या जिभेला व आळसाला लगाम घालावा म्हणजे तो होणार नाही. एक समजूत म्हणते, हा रोग आपला नाही. दुसरी म्हणते, हा दोष तुमचा आहे. निष्कर्ष दोहोंचा एकच, की ह्या रोगाचा राजकारणाशी काही संबंध नाही. ह्या दोन्ही समजुती असत्य आहेत आणि त्यांची किंमत श्रमिकवर्ग आपल्या प्राणांनी मोजतो आहे, एवढेच ह्या लेखात मांडावयाचे आहे.

रोग म्हणजे नेमके काय?

ज्याच्याशी लढावयाचे त्याची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. हृदय हा मुठीएवढा एक स्नायू. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा तो आकुंचन पावतो. त्याला पाळी नाही, सुटी नाही, बदली कामगार नाही. सर्व देहाला रक्त पुरविणारा हा श्रमिक आपल्या कप्प्यांतून वाहणारे रक्त मात्र स्वतःच्या पोषणासाठी थेट वापरू शकत नाही. त्याचा शिधा त्याला महारोहिणीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन लहान वाहिन्यांतून मिळतो. ह्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. शरीरातील इतर स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातला थोडाच प्राणवायू उचलतात. काम वाढले की अधिक उचलतात. हृदयाची गोष्ट निराळी. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदयदेखील आपल्या वाट्याच्या रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेत असते. शिल्लक अशी त्याच्यापाशी फारशी नसते. म्हणून श्रम वाढले की त्याला एकच मार्ग उरतो: अधिक रक्त मिळाले पाहिजे. ते मिळाले नाही तर जी टंचाई निर्माण होते, तिलाच वैद्यक स्थानिक रक्तन्यूनता म्हणते. हृदयविकार ह्या मोघम शब्दाखाली जे मृत्यू नोंदले जातात, त्यांतील फार मोठा हिस्सा ह्या टंचाईचा असतो.

ही टंचाई दोन रीतींनी येते. पहिली सावकाश. रोहिणीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे मेदाचे थर साचतात. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील दूषित मेद हे त्यांचे प्रमुख साह्यकर्ते. वाहिनीची पोकळी दोन-तृतीयांशाहून अधिक बुजली तरी बसल्या जागी माणसाला पुष्कळदा काही जाणवत नाही. पण पाठीवर ओझे घेऊन चढण लागली की छाती आवळल्यासारखी होते, थांबले की कळ जाते. हाच हृच्छूल. विल्यम हेबर्डन ह्या इंग्रज वैद्याने १७६८ साली त्याचे वर्णन केले, ते आजही खरे ठरते.

दुसरी रीत अकस्मात येणारी. साचलेल्या थराची वरची साल फाटते, तेथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी बनते आणि वाहिनी बंद होते. पलीकडचा स्नायू उपाशी पडतो. अर्ध्या तासाच्या आसपास तो मरू लागतो, प्रथम आतला पदर, मग बाहेरचा; सहा तासांच्या सुमारास त्यातला बहुतेक भाग गेलेला असतो. मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवत नाही; त्याच्या जागी निर्जीव व्रण उरतो. झटका म्हणजे हेच. ह्यात ध्यानी धरावयाची गोष्ट अशी, की झटका हा क्षण नसून ती काही तासांची प्रक्रिया आहे. त्या तासांत गुठळी विरघळविली किंवा फुग्याने वाहिनी उघडली, तर माणूसही वाचतो आणि त्याचे हृदयही वाचते. हा काळ कुणाला मिळतो व कुणाला मिळत नाही, येथूनच राजकारण सुरू होते.

आठ तास

आमच्या भागातील बाजार समितीत पोती वाहणारा एक साथी काही काळापूर्वी गेला. वय अठ्ठेचाळीस. अंगावर मेद नाही, घरात तुपाचा डबा नाही. दोन महिन्यांपासून थप्पीवर पोते चढविताना त्याच्या छातीत आवळल्यासारखे होई. थांबला की बरे वाटे. तो त्याला पित्त म्हणे आणि सोडा पिऊन पुन्हा पाठ वाकवी. रोजंदारी बुडवून तपासणीस जाणे त्याला परवडणारे नव्हते.

एके पहाटे पाच वाजता कळ आली, ती थांबेना. घामाने अंथरूण भिजले, डावा हात जड झाला. उजाडण्याची वाट पाहण्यात दोन तास गेले. सातला गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठविले. नऊला त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथे कार्डिओग्रामचे यंत्र होते. ते चालविणारा मनुष्य रजेवर होता आणि त्याच्या जागी दुसरा नेमलेला नव्हता. गुठळी विरघळविणारे औषध भांडारात नव्हते. 'जिल्ह्याला न्या' असा कागद हाती मिळाला. रुग्णवाहिका दुसरा रुग्ण घेऊन गेलेली. भाड्याची जीप मिळेपर्यंत दहा वाजले. साडेअकराला जिल्ह्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयाच्या दारात जीप थांबली. तेथे अनामत रकमेचा आकडा सांगण्यात आला. हमाल बांधवांनी वर्गणी गोळा करून तो भरेपर्यंत एक वाजला होता.

त्यानंतर फुगा फुगविण्यात आला, जाळी बसविण्यात आली, रोहिणी स्वच्छ उघडली. डॉक्टरांचे काम चोख झाले, ह्यात शंका नाही. परंतु उघडलेल्या वाहिनीच्या पलीकडे रक्त घ्यावयास जिवंत स्नायू फारसा उरला नव्हता. साथी घरी आला, पण चार पायऱ्या चढला की त्याला धाप लागे. तीन महिन्यांनी तो गेला. आपण चौकट छापली. तीत तेच शब्द होते.

आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारवर्गाने रक्त सांडले. ह्या साथीच्या वाट्याला आलेले आठ तास निराळे होते. दोन तास अज्ञानाचे, दोन चुकीच्या निदानाचे, एक रिकाम्या पदाचा, दीड रस्त्याचा आणि दीड पैशाचा. ह्या आठ तासांपैकी एकही तास नियतीचा नव्हता.

एका माणसाच्या कहाणीवरून सिद्धांत काढू नये, हे खरे. म्हणून आकडे पाहू. देशातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २००८ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वाहिनी पूर्ण बंद पडून आलेल्या तीव्र झटक्याच्या रुग्णांना रुग्णालय गाठावयास लागलेला मध्यम काळ सहा तासांचा होता. स्नायू मरावयास जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच! ह्या पाहणीतील बहुसंख्य रुग्ण कनिष्ठ मध्यमवर्गीय व गरीब होते. तीस दिवसांच्या आत मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के आढळले. आता ह्या पाहणीतील सर्वांत बोलका भाग ऐका. संशोधकांनी मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबातून वजा केला, तेव्हा श्रीमंत-गरिबांतील मृत्यूचा फरकही नाहीसा झाला. म्हणजे गरिबाचे हृदय काही निराळ्या मातीचे नव्हते. त्याला मिळालेले उपचार निराळे होते.

शेठजींचा रोग?

आता पहिल्या समजुतीकडे वळू. भारतातील एकूण मृत्यूंपैकी हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांचा वाटा १९९० साली सुमारे १५ टक्के होता; २०१६ पर्यंत तो सुमारे २८ टक्क्यांवर गेला. एवढे शेठजी ह्या देशात आहेत कोठे? दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३, तर इतर प्रदेशांत ते सुमारे ५९, असे अनेक देशांतील रुग्णांच्या तुलनेतून २००७ साली दिसून आले. आपल्याकडे झटका येतो तो कर्त्या वयात, मुलांची शिक्षणे आणि घराचे कर्ज डोक्यावर असताना. त्यामुळे एका मृत्यूबरोबर एक कुटुंब खाली येते.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील १७,५३० पुरुष नोकरांची पाहणी मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. ही सारी माणसे एकाच सरकारची पगारी नोकर, एकाच शहरात राहणारी, सर्वांना सरकारी आरोग्यसेवा विनामूल्य उपलब्ध असलेली. उपाशी त्यांच्यापैकी कुणी नव्हते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोप्ये व शिपाई ह्यांच्यात हृद्‌रोहिणीच्या विकाराने होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ३.६ पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे हिशेबात धरूनही ह्या तफावतीतील निम्म्याहून अधिक भाग उरलाच. पुढे त्याच कचेऱ्यांतील दुसऱ्या पाहणीत असे दिसले, की ज्याच्या कामावर त्याचे स्वतःचे नियंत्रण कमी, त्याच्या हृदयाला धोका अधिक. घंटा वाजली की उठावयाचे, हुकूम आला की धावावयाचे आणि कशाबद्दलही मत द्यावयाचे नाही, हे जिणे रक्तवाहिन्यांवर लिहिले जाते! कामगाराच्या स्वाधिकाराची मागणी आपण न्यायाच्या नावाने करीत आलो; ती आरोग्याच्या नावानेही करता येते.

जगाच्या पातळीवरही हेच चित्र आहे. १७ देशांतील दीड लाखाहून अधिक माणसांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. रक्तदाब, मेद, धूम्रपान इत्यादी धोक्यांची बेरीज श्रीमंत देशांत सर्वाधिक, गरीब देशांत सर्वांत कमी निघाली. पण हृदयविकार, पक्षाघात अशा घटनांनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के, तर गरीब देशांत १७.३ टक्के! धोका त्यांच्याकडे अधिक आणि मरण आपल्याकडे अधिक. शेठजींना हा रोग होतो, हे खरे. पण त्याने मरण्याचे काम त्यांनी इतरांवर सोपविले आहे.

उपदेशाचे राजकारण

दुसरी समजूत अधिक फसवी आहे, कारण तिच्यात अर्धसत्य आहे. तंबाखू सोडावी, मीठ व तळण कमी खावे, चालावे, हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे आणि त्याची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. आक्षेप आहे तो सल्ल्याच्या आड जबाबदारी लपविण्याला.

जेरी मॉरिस ह्या ब्रिटिश संशोधकाने १९५३ साली लंडनच्या बसगाड्यांवरील कामगारांची तुलना मांडली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक, तर दुमजली बसचे जिने सतत चढ-उतर करणाऱ्या वाहकांना कमी, असे तीत आढळले. व्यायामाच्या महतीसाठी ही पाहणी नेहमी सांगितली जाते. पण तिचा दुसरा अर्थ सांगावयास कुणी तयार नसतो. चालकाने बसून राहणे हौसेने निवडलेले नव्हते. ते त्याचे काम होते. आपल्या एस.टी.चा चालक बारा-बारा तास चाकामागे बसतो, परगावच्या डेपोत रात्र काढतो आणि मिळेल त्या टपरीवर मिळेल ते खातो. त्याची ही 'जीवनशैली' ठरविते कोण? वेळापत्रक ठरविते की त्याची लहर?

खाण्याचे घ्या. तेलात हायड्रोजन मिसळून घट्ट केलेले वनस्पती तूप दशकानुदशके गरिबांचे तूप म्हणून ह्या देशात विकले गेले. त्यात निर्माण होणारा विकृत मेद रोहिणींना घातक आहे, हे १९९० च्या दशकापर्यंत वैद्यकाला चांगले कळले होते. डेन्मार्कने २००३ साली त्यावर कडक मर्यादा घातली. आपल्याकडे खाद्यतेल व वनस्पती तुपातील त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्याचा नियम जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला. मधल्या वर्षांत ज्यांनी ते खाल्ले, त्यांनी काय जिभेचे चोचले पुरविले म्हणावयाचे? आणि तंबाखूचे काय? कामाच्या मध्ये भूक आणि शीण मारण्यासाठी बिडी आणि चिमूट हाताशी येते. घरोघर बाया दातांना मिश्री लावतात. हे व्यसन वाईटच. परंतु भूक आणि शीण कायम ठेवून व्यसन तेवढे सोडा म्हणणारा उपदेशक अर्धवट बोलतो आहे.

त्याहून खोल अशी एक गोष्ट आहे. हृदयाचे भवितव्य काही अंशी आईच्या पोटातच ठरू लागते. डेव्हिड बार्कर ह्यांनी १९८९ साली दाखविले, की इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात कमी वजनाने जन्मलेल्या मुलग्यांपैकी पुढे हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या उपासमारीत गर्भावस्थेचे पहिले महिने काढलेल्यांना पन्नाशीच्या सुमारास हृद्‌रोहिणीचा विकार अधिक झालेला आढळला. आपल्या पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा माग ठेवला. तेथील अर्भके वजनाने हलकी आणि हातापायांनी कृश होती. तरीही त्यांच्या अंगात मेदाचा अंश तुलनेने अधिक होता. ह्याच देहरचनेतून पुढे मधुमेहाची वाट निघते, आणि मधुमेहातून हृदयाची.

१९७२ चा दुष्काळ आठवणारे वाचक आहेत. लाखो माणसे दुष्काळी कामांवर होती. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन पोटुशा बायांनी उन्हात खडी फोडली. त्या वेळी त्यांच्या पोटात असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी कुणी छातीवर हात ठेवून कोसळला, तर त्याला त्याच्या जीवनशैलीबद्दल बोल लावण्याचे धाडस कुणी करावे?

बाईच्या छातीतील कळ हा तर आणखी दुर्लक्षित विषय. पुष्कळ स्त्रियांत झटका छातीतल्या कळेऐवजी धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणे अशा रूपाने येतो. घरचे म्हणतात, थकवा आहे. डॉक्टर म्हणतात, मनाचे आहे. तीही म्हणते, स्वयंपाक आटोपून मग पाहू. तिचे तास तर घराच्या उंबरठ्याच्या आतच संपतात.

फुगा आणि नफा

ज्याला वेळेत फुगा मिळाला पाहिजे, त्याला तो मिळत नाही. आणि ज्याला त्याची घाई नाही, त्याला तो आग्रहाने दिला जातो, अशी ह्या व्यवसायाची उलटी रीत झाली आहे. भारतासह ३७ देशांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा हृच्छूल स्थिर स्वरूपाचा आहे, अशांना चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला सुरुवातीलाच जाळी किंवा शस्त्रक्रिया दिली, तरी सुमारे तीन वर्षांत मृत्यूंचे वा झटक्यांचे प्रमाण औषधांवरच ठेवलेल्यांपेक्षा ठळकपणे कमी झाले नाही. कळ मात्र अधिक थांबली. ज्याला वारंवार कळ येते त्याला हाही मोठा लाभ आहे. ह्यावरून कुणी झटक्याच्या वेळी फुगा नाकारू नये. तेथे तो प्राणदाताच आहे. पण स्थिर रुग्णाला 'उद्याची सकाळ दिसणार नाही' अशी भीती घालून रातोरात टेबलावर घेणे, हा वैद्यकाचा धर्म नसून दुकानाचा धर्म आहे.

दुकान किती किफायतशीर होते, ते सरकारी दप्तरातच नोंदलेले आहे. फेब्रुवारी २०१७ पूर्वी औषधलेपित जाळीची छापील किंमत सरासरी १ लाख २० हजारांच्या घरात होती. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने एका आदेशाने ती २९,६०० रुपयांवर आणि साध्या जाळीची ७,२६० रुपयांवर आणली. त्यासाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली होती. एका रात्रीत तीन-चतुर्थांश किंमत उतरली, तरी देशात जाळ्यांचा उद्योग बुडाला नाही. मग आदल्या दिवसापर्यंतचा तो फरक कुणाच्या खिशात जात होता? पुढच्याच वर्षी त्याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे, सुया व इतर साहित्यावर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. बाजार आपोआप न्याय करतो, असे सांगणाऱ्यांनी हा आकडा घरी लावून ठेवावा.

उलट, जे स्वस्त आहे त्याला वाली नाही. १९८८ साली सतरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत झटक्यानंतर दोन साध्या औषधांची परीक्षा झाली: अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज. दोहोंपैकी काहीच न मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण १३.२ टक्के होते. दोन्ही मिळालेल्यांत ते ८ टक्के झाले. काही पैशांची गोळी आणि एक इंजेक्शन! त्यांना संगमरवरी दिवाणखाना लागत नाही. लागतो तो चालू कार्डिओग्राम, शिकलेला माणूस आणि भरलेले भांडार. ह्या तिन्ही गोष्टींत कुणाला नफा नाही, म्हणून आमच्या साथीला त्या नवाच्या ठोक्याला मिळाल्या नाहीत.

'पैसा कोठून आणावयाचा?'

ह्यावर सरकारपक्षाचे ठरलेले उत्तर असते. एक, गरिबांसाठी विमा योजना आहेत. दोन, पैसा नाही.

विमा योजनांनी अनेकांचे प्राण वाचविले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांची रचना पाहा. माणूस रुग्णालयात दाखल झाला की पैसे सुरू होतात. दाखल होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे लागणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीला त्यांत जागा नाही. घर पेटल्यावर बंब पाठविण्याचे पैसे आहेत, चुलीवर धुराडे बसविण्याचे नाहीत. आणि बंबही ठेकेदाराचा!

पैशाचे म्हणाल, तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली, महामारी अंगावरून गेल्यानंतरही, तो १.८४ टक्के होता. आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरीत होते. पैसा नाही असे नव्हे; तो हमालाच्या वर्गणीतून येतो आहे.

शिवाय हे घडू शकते, ह्याचे पुरावे देशातच आहेत. तामिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून, लहान ठिकाणीच कार्डिओग्राम काढून औषध सुरू करावयाचे व रुग्ण पुढे पाठवावयाचा, असा प्रयोग झाला. त्यात तीव्र झटक्यानंतर वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर उतरल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याच राज्याने २०२१ पासून रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या घरपोच देण्यास प्रारंभ केला. आपल्याकडेही सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे रक्तदाब-नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात होते. रस्ता ठाऊक आहे. चालण्याची इच्छा नाही, आणि ती इच्छा निर्माण करणे हेच राजकीय पक्षाचे काम आहे.

आपण काय करावयाचे?

पहिले, मागणी नेमकी करावयाची. 'आरोग्यसेवा सुधारा' असल्या निवेदनाला कुणी भीत नाही. प्रत्येक तालुक्यात जाऊन विचारा: ग्रामीण रुग्णालयात कार्डिओग्राम रात्रंदिवस निघतो काय? तो वाचणारा कुणी, येथे नाही तर फोनच्या दुसऱ्या टोकाला, आहे काय? गुठळी विरघळविणारे औषध आज भांडारात आहे काय? गेल्या वर्षी झटक्याचे रुग्ण किती आले, किती तासांनी आले आणि त्यांपैकी कितींना ते औषध मिळाले? ही चार उत्तरे फलकावर लिहून बाजाराच्या दिवशी चौकात लावा. उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या महिनोन् महिने अखंड व फुकट मिळाव्यात, ही मागणी रेशनच्या मागणीइतक्याच निकराने पुढे न्या. हमाल, चालक, बांधकाम मजूर ह्यांची वार्षिक तपासणी पगारी रजेसह व्हावी, हे संघटनांच्या मागणीपत्रात येऊ द्या.

दुसरे, लोकशिक्षण. श्रम केल्यावर छातीत आवळणे आणि थांबल्यावर बरे वाटणे हे पित्त नव्हे, ही तपासणीची सूचना आहे. छातीतली कळ थांबत नसेल, घाम फुटत असेल, तर उजाडण्याची वाट पाहावयाची नाही. १०८ ला फोन करावयाचा, चालत जावयाचे नाही. ज्याला अ‍ॅस्पिरिन वर्ज्य नाही व रक्तस्रावाची व्याधी नाही, त्याने सांगितल्याप्रमाणे ती चघळावयाची. एवढे प्रत्येक शाखेच्या एका बैठकीत सांगता येईल. पीकपाण्यावर आणि निवडणुकीवर आपण तासन् तास बोलतो. ह्याला अर्धा तास पुरे.

तिसरे, आत्मपरीक्षण. आपल्या बैठकीत बिडी पेटल्याशिवाय चर्चा पेटत नाही. दौऱ्यावर निघालेला कार्यकर्ता पत्रके विसरत नाही, रक्तदाबाची गोळी विसरतो; आणि आपण त्याच्या त्यागाचे कौतुक करतो. देह झिजविणे वेगळे, तो फुकट घालविणे वेगळे. व्यवस्थेला दोष देणाऱ्याने आपल्या हातातले तेवढे केले पाहिजे. मात्र ते केल्याने व्यवस्थेचा दोष फिटतो असे कुणी समजू नये.

मराठीत कष्टाला 'रक्त आटविणे' म्हणतात. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रक्त आटविले, त्यांच्याच हृदयाला शेवटी ते कमी पडावे, ही केवळ शब्दांची गंमत नाही. यापुढे एखाद्या साथीची चौकट छापताना 'तीव्र झटका' एवढ्यावर थांबू नये. कळ किती वाजता आली, उपचार किती वाजता मिळाला आणि मधले तास कुणी खाल्ले, हेही त्या चौकटीत लिहिले जावे. दोन मिनिटांची स्तब्धता पाळून झाली की तोच कागद घेऊन ग्रामीण रुग्णालयाच्या दाराशी जावे.